शेऱ्याच्या रकान्यातला गजरा

मी एका बाईच्या केसांत नसलेला गजरा कागदावर लिहिला. खाली सही केली, तारीख टाकली आणि फाइल बंद केली. घाई होती, ऑर्डर अडली होती, असे शेरे सगळेच मारायचे. ही तिन्ही कारणं खरी आहेत, पण त्यांतलं एकही मी इथे आधाराला घेणार नाही. लिहिणारा हात माझा होता.

दिवाळीच्या अंकात लोक नोकरीतल्या गमती लिहितात, बढत्या लिहितात. माझ्याकडेही गमती आहेत, त्या सांगेनच. पण या बाईला वगळून मी माझ्या कामाबद्दल लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. एक पुरे झालं.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका फ्लेवर कंपनीत मी चोवीस वर्षं क्वालिटी बघतो. सरबत, आइस्क्रीम, गोळ्या, बिस्किटं यांत घालायचे स्वाद आम्ही बनवतो. बदलापूरला आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. गणपतीत आरती संपली की प्रसाद खाता खाता मला विचारतात, "काय साहेब, अजून लोकांना केमिकल पाजताय का?" पूर्वी मी कसनुसा हसायचो. आता हसत नाही. गेल्या वर्षी सरळ विचारलं, "सकाळी दुर्वा तुम्हीच खुडल्यात ना? बोटं हुंगा."

त्यांनी हुंगली.

"हा जो हिरवा, ओला वास येतोय, त्यात पानअल्कोहोल आहे. केमिकल आहे. बाप्पाला चालतं."

कुठल्याही पानाला जखम झाली की काही क्षणांत ते हा पदार्थ तयार करतं. गवत कापा, चहाचं ओलं पान चुरडा, टोमॅटोचा देठ मोडा, कैरीची साल काढा, त्या पहिल्या झोताला जे नाकाला लागतं त्यात हा असतोच. नावात अल्कोहोल आहे म्हणून कुणी दचकू नये. रसायनशास्त्रात ते एका मोठ्या कुटुंबाचं आडनाव आहे, आणि प्यायची दारू ही त्या कुटुंबातली फक्त एक बदनाम सून. पुदिन्याच्या तेलातून हे पानअल्कोहोल वेगळं काढतात, कारखान्यातही बनवतात. आम्ही ते विकत घेतो आणि शंभर लिटर सरबताला काही थेंब पडतील इतकं पातळ करून वापरतो. ते नसेल तर कैरीचा स्वाद आंबट-गोड लागतो, पण मेलेला. ते घातलं की वाटतं, कुणीतरी आत्ता विळीवर साल काढली.

उल्हासनगरचा एक बेकरीवाला एकदा ही बाटली उजेडात धरून माझ्याशी भांडला होता. "इसमें हरा रंग किधर है?" म्हणाला. मी सांगितलं, हे पाण्यासारखंच असतं, हिरवा असतो तो वास. "तो फिर हरे का पैसा क्यूं लगाया?" त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी कापसाचा बोळा त्याच्या नाकाशी नेला. तो हळूच म्हणाला, "ये तो मेरे दादा का खेत है." असं कुणी म्हटलं की मला या धंद्याची लाज वाटत नाही, आणि कुणी वाटवून घ्यायला सांगितलं तरी मी वाटवून घेणार नाही.

मशीन आमच्याकडे आहे. ती द्रव पदार्थाचे घटक वेगळे करून कागदावर त्यांचे सुळके काढते. पण मशीन सरबत पीत नाही. म्हणून प्रत्येक माल बाहेर जाण्याआधी माणसं तो चाखतात. कंपनीतलेच सात जण, कुणी पॅकिंगमधला, कुणी स्टोअरमधला. त्यांच्यासमोर साखरपाण्यात स्वाद मिसळलेले तीन कप ठेवायचे. दोघांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं. जुना पास झालेला माल आणि नवा माल यांत लोकांना फरक कळला नाही, तर नवा पास. वेळ सकाळी दहाची, कारण दुपारनंतर एमआयडीसीच्या हवेत कुणाचं काय सुटलेलं असेल सांगता येत नाही.

चाखण्याच्या खोलीचे नियम कडक. अर्धा तास आधी चहा नाही, गुटखा नाही, अत्तर नाही, वासाचं तेल नाही, गजरा नाही. नियम मोडला तर त्या माणसाचं उत्तर बाद, आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं. वर्षानुवर्षं त्या रकान्यात दोनच शब्द असायचे. पुरुषांपुढे गुटखा, बायकांपुढे गजरा. कुणाला सर्दी असली, कुणी नुसता आळस केला, तरी हेच. कोण तपासतंय?

चाखणाऱ्या सातांच्या या पॅनेलवर चांगुणाबाई होत्या. आमच्या पॅकिंगमध्ये बाटल्या धुवायच्या. इथल्याच आगरी समाजातल्या, राहायला बुवापाड्यात. वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास. आकडे वाचता यायचे, सही यायची, बाकी लिहिणं नाही. त्यामुळे त्यांनी सांगायचं आणि मी शेरा लिहायचा, अशी पद्धत होती. त्यांना पॅनेलवर मीच घेतलं होतं, कारण एकदा त्यांनी धुतलेल्या बाटलीत आधी काय होतं ते तीन धुण्यांनंतरही सांगितलं होतं. पॅनेलचा दिवस असला की चांगुणाबाई पांढराशुभ्र एप्रन घालून यायच्या आणि पॅकिंगच्या बायकांना सांगायच्या, "मना आता हाका मारू नका गो. मी कामाला चाललंय." जणू बाटल्या धुणं हे काम नव्हतंच.

आठ वर्षांपूर्वी, चेटीचंडच्या आधी, उल्हासनगरच्या लछूभाईंची कैरीच्या स्वादाची ऑर्डर होती. लछूभाई म्हणजे सरबताचे कारखानदार. सिंधी नववर्षाला मंदिराबाहेर त्यांचं सरबत वाटलं जायचं. नवा माल तयार झाला, मशीनने हिरवा कंदील दिला, पॅनेल बसलं.

सातांपैकी दोघांनी वेगळा कप बरोबर ओळखला. तेवढं तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी होतं. एकाने "असंच, अंदाजाने" असं सांगितलं. दुसऱ्या चांगुणाबाई. त्यांनी कप परत माझ्या हातात दिला.

"सायेब, ह्या गवत आजचा कापलेला नाय."

"चांगुणाबाई, यात गवत नाही. कैरी आहे."

"कैरी मना कलते ओ. तिच्या मागं गवत हाय ना? ता बांधून ठेवलेला हाय. भारा आतून तापलाय. लिवा तुमी."

बाकीचे हसले. स्टोअरचा पाटील म्हणाला, "मावशी, म्हशीला दाखवून आणू का?"

मी हसलो नाही, कारण मला कळलं होतं. त्यांचं माहेर मलंगगडाच्या पायथ्याचं. लहानपणापासून दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत कापून भारे वाहिलेले. गवत ओलसर असताना बांधलं की आत गरम होतं आणि त्याला कोंदट, तेलकट वास येतो. पानअल्कोहोल जुनं झालं आणि त्याला हवा लागली की त्याचंही तेच होतं. आणि ती पानअल्कोहोलची बाटली मी आदल्या वर्षी उघडून अर्धी रिकामी केली होती. अशी बाटली पुन्हा वापरण्याआधी वास घेऊन तपासायची असते. मी मशीनचा जुना कागद पाहून पुढे ढकलली होती. रजिस्टरवर सही माझी.

आमच्या कंपनीत एक जास्तीचा नियम होता. ज्याने वेगळा कप बरोबर ओळखला आणि वर माल बिघडल्याचं सांगितलं, तो एकटा असला तरी माल दोन दिवस थांबवायचा आणि कच्चा माल पुन्हा तपासायचा. म्हणजे चांगुणाबाईंचं वाक्य मी लिहिलं असतं, तर पहिली तपासली गेली असती ती माझी बाटली.

मी पेन उचललं आणि लिहिलं: गजरा. उत्तर बाद.

एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण सगळे बघत होते, म्हणून मोठ्याने म्हणालो, "चांगुणाबाई, तुमच्या केसांना गजऱ्याचा वास येतोय. तुमचं आज धरता येणार नाही."

त्यांनी हात डोक्यामागे नेला. अंबाडा चाचपला.

"गजरा? कुठं हाय गजरा?"

"आत्ता नसेल. काढून आला असाल. वास राहतो."

मी काय बोलून बसलो ते मला त्या क्षणी समजलं नाही. पॅकिंगच्या रेखाने नंतर सांगितलं तेव्हा समजलं. चांगुणाबाईंचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. त्या गजरा घालत नव्हत्या हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. नवरा गेलेल्या बाईने गजरा घालू नये असं मी मानत नाही. तिला हवे तेवढे गजरे तिने घालावेत. पण न घातलेला गजरा चारचौघांत तिच्या डोक्यात खोवणं आणि वर तो लपवून आणल्याचा आरोप करणं, याचा अर्थ बुवापाड्याच्या नळावर काय होतो हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशीपासून कुजबूज सुरू झाली. गजरा कुणासाठी घालते, गेटबाहेर कुठे काढते. माझ्या नेहमीच्या, सवयीच्या, कुणीही न तपासणाऱ्या एका शब्दातून.

माल गेला. आठवड्याने लछूभाई स्वतः स्कूटरवरून आले. डिकीतून सरबताची बाटली काढली आणि माझ्या टेबलावर आपटली.

"साईं, सूंघो."

मी हुंगलं.

"कैरी मंगाई थी मैंने. तबेला क्यूं भेजा? मेरी घरवाली बोली, भैंस का चारा है क्या. चेटीचंड पे मैं ये बांटूं? लोग मेरे को आशीर्वाद देंगे कि गाली?"

मालकांनी मला आत बोलावलं. पॅनेलचा कागद समोर होता.

"एकीने ओळखलं होतं की," ते म्हणाले. "मग बाद का?"

सांगायची ती वेळ होती. दार बंद होतं, आत आम्ही दोघंच. मी म्हणालो, "नियम आहे, सर. गजरा."

"मग नियम न पाळणारी बाई पॅनेलवर हवीच कशाला? काढा."

मी काढलं. त्याच दुपारी पानअल्कोहोलची बाटली हुंगून "दोष शोधून काढला". कारण लिहिलं, कच्चा माल जुना. नवी बाटली मागवली, माल पुन्हा बनवला, लछूभाई शांत झाले. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. चांगुणाबाई बाटल्या धूत होत्या, तिथून त्यांना ते दिसत होतं. दोन महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. जाताना माझ्याकडे आल्या नाहीत.

यापुढचं सांगायला मला सगळ्यांत जड जातं. मी त्यांचं वाक्य ठेवून घेतलं. नवीन भरतीला वास शिकवताना मी सांगायला लागलो, "वासाला वय असतं. आज कापलेलं गवत वेगळं, बांधून ठेवलेलं वेगळं. भारा आतून तापतो." पोरं वहीत उतरवून घ्यायची. एका ग्राहकाकडच्या प्रशिक्षणात या वाक्याला टाळ्या मिळाल्या. मी टाळ्या घेतल्या.

या उन्हाळ्यात अशाच एका वर्गात मागच्या बाकावर रेखा बसली होती. ती आता पॅकिंगची सुपरवायझर आहे. वर्ग संपल्यावर ती फळा पुसायच्या निमित्ताने थांबली.

"सर, हे चांगुणामावशीचं बोलणं ना?"

"हो."

"मग नाव घ्यायला काय झालं?"

एवढंच बोलून तिने डस्टर ठेवला. मी तिच्याकडे पत्ता मागितला. तिने दिला, पण म्हणाली, "मिठाईबिठाई नेऊ नका हां. फेकून मारेल."

बुवापाड्यात चांगुणाबाई दारात बसून सुपात जवळा निवडत होत्या. केस सगळे पांढरे. मला बघून उठल्या नाहीत.

"सायेब, वाट चुकलाव?"

"तुमच्याकडेच आलोय."

"मंग उभं रा. बसायला पाट नाय हितं."

मी उभं राहून सगळं सांगितलं. बाटली माझी होती, तुमचं बरोबर होतं, गजरा मी मनाने लिहिला. शेवटी म्हणालो, "मी माफी मागायला आलोय."

त्यांनी सुपातला खडा बाजूला टाकला.

"मना म्हाईत होता."

"काय?"

"तुमाला कललेला. तुमी हसलाव नाय ना तवा. बाकी समदी हसली. मी घरी येऊन बोल्ले, ह्या मानसाला कललाय, आन तरी त्यानी लिवला. आठ वर्सां मना एकच कोडा, मी ह्याचा काय वाकडा केलता?"

"काही नाही. मी घाबरलो होतो."

"तवा किती जना होती खोलीत?"

"तुम्ही धरून सात. आणि मी."

"आन आता किती हाव?"

"दोघंच."

"हितं माफी नको मना. हितं कोन ऐकतो? ही मांजर? जिथं बोल्लाव तिथं बोला. त्यांच्याच म्होरं. नाय जमत तं जावा घरी, मी काय तुमाला बोलवायला आल्ते?"

मी खाली वाकलो तर त्यांनी सूप मध्ये धरलं. "पाया पडू नका. पाया पडून मानसा सुटतात."

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"ती बाई आपली कर्मचारी पण नाही आता. आणि जुना रेकॉर्ड खोटा होता असं आपणच सांगायचं? उद्या एखाद्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये विचारलं तर?"

"तर सांगू, खोटा होता. क्वालिटीच्या माणसाने खोटं लिहिलं, आणि त्यानेच कबूल केलं."

"कशाला उकरताय? घरी जाऊन साडी देऊन या."

"त्यांना साडी नकोय, सर. मलाही द्यायची नाही."

"मी परवानगी नाही दिली तर?"

"तर मी गेटबाहेर रस्त्यावर उभा राहून बोलेन. जेवणाच्या सुट्टीत. तिथे तर सातापेक्षा जास्त लोक असतात."

चोवीस वर्षांत मी त्या केबिनमध्ये असं कधी बोललो नव्हतो. खरं म्हणजे आठ वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं. तेव्हा आवाज वाचवून ठेवला होता. मालकांनी परवानगी दिली, आणि चार दिवसांनी मला कारणे दाखवा पत्रही दिलं. त्याला मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं: शेरा खोटा होता. तो मी लिहिला. त्या पत्रामुळे माझी पुढची बढती अडली आहे असं लोक सांगतात. अडू दे. ज्यांना वाटतं की मी कंपनीचं नाव घालवलं, त्यांना माझा सवाल आहे की नाव नेमकं कशाने जातं, खोटं लिहिल्याने की ते खोटं होतं असं सांगितल्याने?

लोक गोळा करायला महिना गेला. चांगुणाबाई सोडून सहा जण. चार कंपनीतच होते, त्यांत पाटील. एक जण आता बदलापूरला रिक्षा चालवतो, तो खाकी शर्टातच आला, म्हणाला, "धंदा सोडून आलोय, लवकर बोला." एक जण गावी गेलेला, साताऱ्याकडे, त्याला फोनवर घेतलं आणि फोन स्पीकरवर टाकून मधल्या टेबलावर ठेवला. रेखाने पॅकिंगच्या बायकांनाही दारात आणून उभं केलं. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. पण कुजबूज तिकडे झाली होती, तेव्हा ऐकायचा हक्कही त्यांचाच होता.

चांगुणाबाई गेटवर पास घेऊन आत आल्या. हिरवं नऊवारी लुगडं नेसल्या होत्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, मला समोर ठेवून उभ्या राहिल्या. मी कागद लिहून नेला होता. दोन ओळी खालच्या आवाजात वाचल्या.

"मोठ्यानं बोला," चांगुणाबाई म्हणाल्या. "तवा मोठ्यानं बोल्लेलाव."

पाटील खाली बघत होता. फोनमधून आवाज आला, "हां साहेब, इकडे पण काही ऐकू येत नाही."

मी कागद घडी करून खिशात टाकला आणि दारातल्या शेवटच्या बाईपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणालो, "आठ वर्षांपूर्वी याच खोलीत चांगुणाबाईंनी बिघडलेला माल ओळखला होता. सातांत त्यांना एकट्यांनाच कळलं होतं. माल माझ्या हलगर्जीपणाने बिघडला होता. तो पकडला जाऊ नये म्हणून मी त्यांचं उत्तर बाद केलं. त्यांच्या केसांत गजरा नव्हता, गजऱ्याचा वासही नव्हता. मी खोटं बोललो, खोटं लिहिलं, त्या खोट्यावरून त्यांना पॅनेलवरून काढलं, आणि त्यांच्यावर काय बोललं जातंय हे माहीत असून गप्प राहिलो. वर त्यांचं वाक्य माझं म्हणून आठ वर्षं शिकवलं. चांगुणाबाई, तुमचं बरोबर होतं. मी तुमची माफी मागतो."